जुन्या गाडीचा हेडलाइट मंद पडलाय, एलईडी टाकू का?

प्रश्न: माझी २०११ ची छोटी हॅचबॅक आहे, एच-४ बल्बवाली (अप्पर-डिपर एकाच हॅलोजन बल्बमध्ये), राहतो धायरीला. सासुरवाडी माणगावला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी ताम्हिणी घाट होतोच आणि परत येताना अंधार पडतो. हल्ली डिपरवर रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टीपण दिसत नाही. नाना पेठेत एक दुकानदार म्हणाला एलईडी टाका, शेजारचा म्हणाला १००/९० वॅटचे हॅलोजन टाका. काय करू? आरटीओची भानगड नको.

उत्तर: दादा, दोन्ही नको. आधी गाडीचा स्वतःचा जो उजेड हरवलाय तो परत आणू.

तुमच्या लाइटमधला रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा चकचकीत आरसा, एच-४ च्या फिलामेंटच्या (तापून उजेड देणाऱ्या तारेच्या) जागेवरून बनवलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते बघा, तिच्यामुळेच वर जाणारा उजेड कापला जातो. एलईडीचे दाणे नेमके त्याच जागी बसत नाहीत, मग उजेड विस्कटतो, गाडीच्या नाकासमोर लख्ख दिसतं म्हणून आपण खूश आणि लांबचं मात्र आधीपेक्षा कमी दिसतं, वर घाटातल्या वळणावर समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. हे मला अजिबात चालत नाही, कारण आंधळा झालेला तो माणूस आपल्याच अंगावर येत असतो. आणि लाइटला मंजुरी मिळते ती ठरावीक प्रकारच्या बल्बसकट. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय १५ वर्षं झाली की आरसी रिन्यू करताना गाडी तपासतात, तिथेही अडकाल.

१००/९० चं म्हणाल तर कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिपर ५५), म्हणजे अप्परला साधारण ५ अँपिअर. १०० वॅटला ते ८ च्या वर जातं, वायर मात्र तीच बारीक. मागच्या पावसाळ्यात एका मित्राच्या गाडीचा असाच होल्डर काढला, पांढऱ्याचा तपकिरी झालेला, एक पिन वितळलेल्या प्लास्टिकात रुतून बसलेली, ओढली तर तुकडाच हातात आला.

आता खरं काम. हेडलाइटची पुढची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर १००० पासून ३००० पर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यासोबत मारायचा, मग कंपाउंड (पॉलिशची पेस्ट), आणि शेवटी यूव्ही कोटिंग, ते नाही केलं तर काही महिन्यांत काच परत पिवळी.

त्यानंतर व्होल्टेज बघा, हे कोणी बघत नाही आणि बऱ्याचदा घोळ इथेच असतो. इंजिन चालू, डिपर चालू, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४ आलं तर समजा १० टक्के व्होल्टेज वायरमध्येच गेलं, आणि त्यापायी उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो! आधी अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते तो, नटबोल्ट घासून घट्ट करा. तरी फरक राहिला तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून रिलेवालं जाड वायरिंग टाकून घ्या, म्हणजे लाइटचा करंट स्विचमधून न फिरता थेट बॅटरीतून येतो, फ्यूज बॅटरीजवळच हवा. बल्ब मात्र ६०/५५ चाच, नवीन, चांगल्या कंपनीचा, दोन्ही बाजूंचे एकदमच बदला आणि बल्बच्या काचेला बोट लावू नका.

मग लाइट सेट करा. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर कोणीतरी बसलेलं, डॅशबोर्डवर लाइट वरखाली करायचं बटण असेल तर ते शून्यावर. सपाट जागेत भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा, डिपरची कापलेली रेघ त्याच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी आणि डावीकडे थोडी वर चढायला हवी, कडेची पट्टी दिसते ती त्या चढामुळेच.

एवढं करूनही मंदच वाटलं तर पुढून टॉर्च मारून आत बघा. रिफ्लेक्टरची चांदी काळवंडली किंवा उडाली असेल तर ती पॉलिश करून परत येत नाही, मग तुमच्या मॉडेलचे ओरिजिनल हेडलाइटच दोन्ही बाजूंचे नवे घ्या. ते बसवून झाले की भिंतीवरची खडूची रेघ परत एकदा जुळवा, आणि मगच ताम्हिणीला निघा.