काडतुसाच्या पुंगळीची मान टर्न केल्याने नेम खरंच सुधारतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साताऱ्यात .22 रायफलीवर शिकतोय आणि परदेशातल्या एका व्हिडिओत तुम्ही काडतुसाच्या पुंगळीची मान छोट्या कटरने सोलताना पाहिली. एखाद्या टर्नरकडून तशी करून घेतली तर नेम सुधारेल का, असा तुमचा प्रश्न.

सरळ उत्तर आधी देतो. मान म्हणजे पुंगळीचा तोंडाकडचा, गोळी धरून ठेवणारा अरुंद भाग. .22 च्या पुंगळीला ती मानच नसते. बुडापासून तोंडापर्यंत सरळ नळी. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिन आदळली की ती कड चेपते, त्यामुळे ती पुंगळी दुसऱ्यांदा भरताही येत नाही. आणि भरता येणारी मोठी काडतुसं घरी भरायची नाहीत बरं का. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. शहाणा टर्नर त्याला हात लावणार नाही.

तरी व्हिडिओत ते लोक काय करत होते ते सांगतोच. मी कुपवाड एमआयडीसीत वीसेक वर्षं लेथवर आहे, आणि ते काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझे वाया गेलेले चाळीस बुश (पोकळ नळकांडी) आठवले.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. पितळेची वाटी पंचाने ओढत ओढत लांबवतात. पंच जरा बाजूला सरकला की भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. मानेची भिंत साधारण 0.3 ते 0.35 मिमी, आणि तेवढ्यात 0.03 ते 0.05 चा फरक सहज निघतो. मग गोळी नळीच्या मध्यावर न बसता किंचित कलते आणि सुटताना मान तिला सगळीकडून सारखी सोडत नाही.

मग बाहेरून सोललं की झालं? इथेच तर गोम आहे. माझे ते बुश पंपाचे होते, पितळी, भिंत दीड मिमी. तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून बोअर केलं, तिथेच डायल (गोलाई तपासायचं काट्याचं मापक) लावली, काटा हलेना. चक सैल करून हातात घेऊन मोजला तर भोक तिकोनी! जबड्यांनी दाबलेलं पितळ मोकळं होताच जागेवर आलं होतं. मालक एक शब्द बोलला नाही, फक्त मला भंगाराच्या वजनकाट्यापर्यंत सोबत घेऊन गेला.

म्हणून पुंगळीवाले मान बाहेरून आवळत नाहीत. आधी सगळ्या पुंगळ्या एका लांबीत कापतात, मग मानेत ठरावीक मापाचा एक्सपांडर (भोक फुगवणारा दांडा) घालून आतलं भोक गोल करतात. त्यामुळे सगळा वाकडेपणा बाहेरच्या अंगाला येतो. मग तेल लावलेल्या मॅन्ड्रेलवर (मानेत नीट बसणाऱ्या गोल दांड्यावर) मान चढवायची आणि बुडाला धरून सावकाश फिरवायची. मॅन्ड्रेल आणि कटर यांच्यात जेवढं अंतर, तेवढी भिंत उरते. कट खांद्यात (मान संपून पुंगळी रुंद होते तिथे) जरासा शिरेपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर मानेच्या मुळाशी जाड कडं राहतं. घाई केली की मॅन्ड्रेल तापतो आणि पितळ त्याला चिकटतं. भिंत मोजायला गोल टोकाचा मायक्रोमीटर घेतात. सपाट टोक आतल्या गोलाईत कडांवर टेकतं आणि माप जास्त दाखवतं.

एवढ्या खटाटोपाचा फायदा मुख्यतः बेंचरेस्टवाल्यांना, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेमाची स्पर्धा करणाऱ्यांना. 1975 साली आलेल्या 6 पीपीसी या काडतुसासाठी बरेच जण चेंबरची (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेची) मान 6.65 मिमीची ठेवतात. तिथे न सोललेलं काडतूस बसतच नाही. आणि बळंच बसवलं तर मानेला फुगून गोळी सोडायला जागा उरत नाही, प्रेशर धोक्याच्या पलीकडे जातं. कारखान्यातून आलेल्या साध्या रायफलीचं चेंबर मुळात ढिलं असतं. तिथे मान आणखी पातळ केली तर पितळ दर वेळी जास्त फुगणार आणि लवकर फाटणार. फार तर उंचवटे सोलावेत.

तुमच्या मुलाचं गणित वेगळं आहे. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराला) ब्राँझ घेतलं, ते .22 नंच. त्या खेळात काडतूस सोलत नाहीत, लॉट (कारखान्यात एका खेपेला बनलेला माल) निवडतात. रायफल पक्की धरून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारायच्या, ज्याचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) लहान तो लॉट घ्यायचा.

माझी पुतणी 10 मीटर एअर रायफल मारते. तिच्यासाठी मी छर्रे सराफाच्या काट्यावर एकेक तोलले. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा जीव एकेकाचा! तीन वाट्यांत वेगळे केले, अख्खा रविवार गेला, टार्गेटवर फरक शून्य. त्याच कंपनीचा दुसऱ्या लॉटचा डबा उघडला आणि भोकं एकात एक पडायला लागली. तेव्हा क्लबमध्ये बोलून दोन-तीन लॉटचं एकेक पाकीट मारून बघा. जो जमेल त्याचा नंबर लिहून ठेवा आणि वर्षाचा साठा क्लबमार्फत एकदमच मागवा. पुढच्या खेपेला तोच लॉट मिळेलच असं नाही.