रशियन समूहगानातील आनंद ऐकायचा असेल तर कोणती रचना निवडावी?

रशियन चर्चचे समूहगान नेहमीच गंभीर आणि उदास असते, असे मुळीच नाही. रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव्ह यांच्या १९१५ सालच्या 'ऑल-नाइट व्हिजिल' (रात्रजागराच्या उपासनेतील गीतांची समूहगान रचना) मधील पंधरा गीतांपैकी सातवे गीत त्यासाठी आवर्जून ऐकावे. रशियातील ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाच्या उपासनेत वाद्यांना स्थान नसल्यामुळे चर्चच्या घंटांचा नादही येथे गळ्यातूनच उभा करावा लागतो. हळुवारपणे सुरू झालेली ईश्वरस्तुती चढत जाते, 'स्लावा', म्हणजे 'जयजयकार', हा शब्द निरनिराळे आवाज मागेपुढे उच्चारू लागतात, आणि लहानमोठ्या घंटा एकमेकींत मिसळाव्यात तसा स्वरांचा गजर होतो. हा उल्हास जलद लयीतून किंवा ठेक्यातून येत नाही, तर एकावर एक रचलेल्या स्वरांच्या थरांतून येतो, आणि माझ्या मते हेच या रचनेचे खरे सामर्थ्य आहे. पहिला प्रयोग मॉस्कोच्या सिनोडल गायकवृंदाने केला. त्यात वरच्या पट्टीतले सूर मुलगे गात असत. प्रथम ऐकताना खर्जातील पुरुषी आवाजांकडे लक्ष द्यावे, कारण वरचा सारा गजर त्यांच्याच आधारावर उभा आहे.