उन्हाळ्यात टाकलेला ७१ अंशांचा थर्मोस्टॅट हिवाळ्यात ट्रकला तसाच ठेवला तर चालेल का?

नाही, ठेवू नका. कंपनीने दिलेल्या अंशाचाच (बहुतेक ८२ च्या आसपास) परत बसवा. थर्मोस्टॅट इंजिन किमान किती तापलेलं राहील ते ठरवतो. ७१ चा रेडिएटरच्या पाण्याची वाट लवकर उघडतो, आणि डिसेंबरच्या पहाटे सावद्याहून केळी भरून निघालात की रेडिएटरचं गार पाणी इंजिनला तापूच देत नाही. तापमानाचा काटा खालीच, डिझेल अर्धवट जळतं, थोडं ऑइलमध्ये उतरतं, ॲव्हरेज पडतो. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत तर सायलेन्सरमधला फिल्टर काजळीने लवकर भरतो. आपल्याकडे मे महिन्यात वॉल (म्हणजे हाच थर्मोस्टॅट) काढूनच टाकायची खोड आहे, ती याहून वाईट.

जुना वॉल फेकला नसेल तर त्यावर कोरलेला आकडा बघा. दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर धरून पाणी तापवा. त्या आकड्याजवळ उघडायला लागला तर चांगला आहे. मात्र नीट उघडणारा ८२ चा बसवूनही सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात काटा लाल पट्ट्यात जात असेल, तर दोष वॉलचा नाही. रेडिएटरची जाळी, फॅनचा पट्टा आणि वॉटर पंप तपासा.