कम्युनिटी पोस्टिंग चांगली आहे हे कशावरून ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या, शेवटच्या वर्षाची कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे गावात राहून करायचं काम, पुढच्या महिन्यात लागतेय, सीनियर मुली सांगतात की तिकडे नुसते सर्व्हे भरायचे असतात, शिकायला काही मिळत नाही. चांगली पोस्टिंग म्हणजे कशी आणि आपल्या वाट्याला साधीच आली तर काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सहा वर्षं गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून काढली, मग पोस्ट बेसिक (नर्सिंगची पुढची पदवी) केलं आणि आता हाच विषय शिकवते. दरवर्षी मुलींना घेऊन गावात जाते. इतक्या वर्षांत माझी एकच कसोटी उरली आहे. त्याच घरी परत जायला मिळतं का? मिळत असेल तर पोस्टिंग चांगली. बाकीच्या सोयी त्यानंतर.

माझी स्वतःची पोस्टिंग तशी नव्हती. पंधरा दिवसांत अकरा गावं झाली. बसमधून चाळीस मुली उतरायच्या, प्रत्येकीने पाच घरांचे फॉर्म भरायचे, शाळेत हात धुण्याचं प्रात्यक्षिक, बॅनरपुढे फोटो, की चला परत. फॅमिली केस स्टडी आम्ही होस्टेलवर बसून लिहिली, निम्मी जुन्या फाइलवरून. मार्क उत्तम पडले. आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच बाळंतिणीच्या दारात मी बॅग घेऊन तशीच उभी राहिले. आत जाऊन बोलायला सुरुवात कशी करायची, हेच मला कोणी दाखवलं नव्हतं. त्या बाईने स्वतःच "या ना आत" म्हणून चटई टाकली. ते मला अजून लागतं.

परत जाण्याने काय होतं, ते एका घरावरून सांगते. माझी एक विद्यार्थिनी सातव्या महिन्यातल्या गरोदर बाईकडे जात होती. हिमोग्लोबिन ८.६, म्हणजे कमीच. पहिल्या भेटीत विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेता ना?" "घेते की." हिने वहीत बरोबरची खूण केली. माझ्या काळात काम इथेच संपलं असतं. उपकेंद्राच्या सिस्टर मात्र तिला म्हणाल्या, "दोन दिवसांनी परत जा, पाकीट बघायला माग. रागवायचं नाही, फक्त मोजायचं." फळीवरच्या डब्यातून दहा-दहाच्या दोन पट्ट्या निघाल्या. गेल्या होत्या तीन गोळ्या. तरीही कारण कळलं नाहीच, बाई नुसती हसली. कारण कळलं तिसऱ्या भेटीत, सासूबाई ज्वारी पाखडत होत्या आणि ही मुलगी शेजारी बसून खडे वेचायला लागली तेव्हा. "काळं होतंय गं शौचाला, ही घाबरली. आणि गोळ्यांनी बाळ मोठं झालं तर अडायचं नाही का?" शिवाय गोळी सकाळी उपाशीपोटी, वर लगेच चहा, त्यामुळे मळमळ. मग शौच काळं होणं हे लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं नाही, हे सासूबाईंना समजावून सांगितलं. गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायचं ठरलं, कॅल्शियमची वेगळ्या वेळी, आणि आठवण करायची जबाबदारी सासूबाईंनीच घेतली. पोस्टिंग संपेपर्यंत अकरा गोळ्या गेल्या होत्या. गरोदरपणात घ्यायच्या १८० गोळ्यांच्या हिशेबात अकरा म्हणजे काहीच नाही, पण त्या मुलीला घरभेट म्हणजे काय ते कळलं. पुस्तकात 'समुपदेशन' हा एक शब्द आहे. तिच्यासाठी त्या शब्दाच्या तीन भेटी झाल्या.

तुम्ही म्हणाल, पोस्टिंगच दोन-चार आठवड्यांची, परत परत कसं जायचं? आशाताईंचं वेळापत्रक बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ बघायला घरी जातात. म्हणजे तुमच्याकडे दोनच आठवडे असले तरी एका बाळाच्या पहिल्या तीन भेटी सहज बसतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत उभी राहिली, गावातल्याच बायकांच्या हातून. त्यामुळे आशाताईंच्या मागे जाताना 'मी नर्स, या ताई' असं मनात ठेवू नका. वजनासाठी बाळ झोळीच्या काट्यात कसं घालतात, झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट कसे मोजतात, ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा कसे मोजतात, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. वॉर्डात आपण पंधरा सेकंद मोजून चारने गुणतो, ती सवय तिथे सोडावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे सिस्टर. सपाटीवर उपकेंद्राचा निकष ५,००० लोकसंख्येचा आहे, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० चा. त्या एवढ्या पसाऱ्यात एका सिस्टरच्या मागे दहा मुली लावल्या तर शिकवणं बाजूलाच, त्यांचं रोजचं कामही अडतं. दोन मुली ठीक. तीन म्हणजे माझ्या मते शेवट. आणि सिस्टर तुम्हाला दिवसभर रजिस्टरं उतरवायला बसवत असतील तर त्यांच्यावर राग धरू नका, त्यांच्यावर नोंदींचा डोंगर असतो हे मी भोगलंय. तासभर मदत करा. पण रजिस्टरमधली एक ओळ निवडा आणि विचारा, "सिस्टर, हिच्या गरोदरपणातल्या तिसऱ्या तपासणीची जागा रिकामी का आहे?" त्या उत्तरात बऱ्याचदा अख्खं गाव येतं. आमच्या आष्टी-पाथर्डी पट्ट्यात दसऱ्यानंतर ते उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: टोळी गेली. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या दाराला कुलूप दिसलं की सर्व्हेत 'घर बंद' लिहून मुली पुढे जातात. चांगल्या पोस्टिंगमध्ये मुलगी शेजारणीला विचारते, कोणत्या कारखान्यावर गेले, पोटुशी बाई सोबत गेली का, कार्ड नेलं का.

लसीकरणाचा दिवस मात्र एकही चुकवू नका, सुट्टी असली तरी. लसींच्या कॅरिअरमधले बर्फपॅक, बीसीजीची (क्षयावरच्या लसीची) कुपी विरघळवल्यावर तिच्यावर लिहिलेली वेळ, चार तास झाले की उरलेली बाजूला, हे सगळं तुम्ही पाठ केलेलं असतं. तिथे शिकायचं ते टोचल्यानंतरचं. कोणती लस दिली, ताप-सूज आली तर काय, पुढची कधी, आणि कार्ड जपून ठेवा व अर्धा तास थांबा. या चार गोष्टी रडणारं बाळ कडेवर घेतलेल्या आईला ऐकू जातील अशा सांगायच्या. सिस्टरांना म्हणा, सुई तुम्ही द्या, हे चार निरोप मला देऊ द्या.

शक्य असेल तर तुमच्या मॅडमना जामखेडचा एक दिवस मागा. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प तिथे आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बायका तिथे गावाचं आरोग्य बघायला शिकल्या. त्यांच्यासमोर बसल्यावर मुलींचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी दरवेळी पाहते.

राहण्याची जागा, शौचालय, संध्याकाळी परतायची गाडी, याची चौकशी निःसंकोच आधीच करा. मुलींना अंधारात फाट्यावर उभं करणारी पोस्टिंग कितीही शिकवणारी असली तरी मला मान्य नाही. आणि घरातल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ग्रुपवर तर अजिबात नाही.

पोस्टिंग साधीच निघाली, तरी पहिल्या सकाळी सिस्टरांना एवढं विचारा: "या आठवड्यात कोण बाळंतीण घरी आली आहे? मला तिच्याकडे तीनदा जाऊ द्याल?" नाही म्हणणारी सिस्टर मला अजून भेटलेली नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ सोबत न्या. बॅग उघडण्याआधी हात धुवायला पाणी मागाल तेव्हा नळ नसेल, घरातली आजी तांब्याने हातावर पाणी ओतेल. सावकाश धुवा. बहुतेक आज्या तेव्हाच विचारतात, "तू कुठली गं पोरी?" उत्तर द्या, आणि मग तिच्या सुनेबद्दल विचारा.