कोमोला जा, पण कोमो शहरात राहू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा इटलीचा बेत वाचला. सात दिवसांत मिलान, कोमो, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम. तू एकटी असतीस तर काही बोललो नसतो. पण सोबत आई-बाबा आहेत, बाबांचे गुडघे आहेत, आणि तुझ्या यादीत कोमोच्या सरोवराला एक दुपार मिळालीय. त्या दुपारी तुम्ही पोचाल, फोटो काढाल आणि बॅगा ओढत परत स्टेशनात याल. व्हेनिस-फ्लॉरेन्स पुढच्या खेपेला ठेव. सरोवराला चार रात्री दे आणि त्या कोमो शहरात काढू नकोस.

नकाशा उघड. सरोवर म्हणजे उलटा धरलेला इंग्रजी वाय. कोमो शहर डाव्या पायाच्या अगदी टोकाला आहे. तिथून साध्या बोटीने बेलाज्जोला जायला दोनेक तास लागतात, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवस संपला. (अड्डा नदी उत्तरेकडून सरोवरात शिरते आणि लेक्कोकडच्या उजव्या पायातून बाहेर पडते. कोमोच्या बाजूने पाण्याला वाटच नाही, म्हणून पाऊस जास्त झाला की तिथल्या चौकात पाणी चढतं.) खरी मजा तीन फाटे भेटतात तिथे. वारेन्ना, बेलाज्जो आणि मेनाज्जो ही गावं एकमेकांसमोर आहेत, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला बोटीने साधारण पाव तास लागतो. मधल्या भागातल्या बोटींचा एक दिवसाचा पास मिळतो, तो घे. गाडी भाड्याने घ्यायचा विचार सोड. काठाचे रस्ते अरुंद आहेत, पार्किंग मिळत नाही, आणि चालवणाऱ्याला सरोवर दिसतच नाही.

आता यांतलं गाव कोणतं? मी वारेन्ना म्हणेन, कारण तिथे रेल्वे आहे. मिलानो चेंत्राले स्टेशनातून तिरानोकडे जाणारी गाडी पकड, तासाभरात पोचशील. डाव्या खिडकीशी बसा, लेक्को सुटलं की पाणी त्याच बाजूला दिसतं. प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी तिकीट काढून पैसे वाचत नाहीत. कागदी तिकीट घेतलंस तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मार, नाहीतर दंड होतो. स्टेशनापासून धक्का उतारावर आहे, चालत जाता येतं. मात्र जुन्या वारेन्नात पायऱ्या फार आहेत. हॉटेलला आधीच विचार की दारापर्यंत किती पायऱ्या आणि लिफ्ट आहे का. उत्तर गोलमोल आलं तर मेनाज्जोत राहा. तिथे रेल्वे नाही, पण काठाचा रस्ता सपाट आहे.

सकाळ वाया घालवू नका. पहाटे उत्तरेकडून तिवानो नावाचा वारा वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा सुटतो आणि पाणी हलायला लागतं. आईला बोट लागत असेल तर बेलाज्जो सकाळीच उरकून घ्या. तिथल्या विल्ला मेल्झी या जुन्या हवेलीची बाग काठाकाठाने सपाट आहे, बाबांना झेपेल. गावातल्या जिन्यांच्या गल्ल्या तू एकटी बघून ये. सरोवराकाठच्या लेन्नो गावाजवळचा विल्ला देल बाल्बियानेल्लो सोमवारी आणि बुधवारी बंद असतो, त्यामुळे वार बघूनच बेत कर. चालत गेलं तर टेकाड चढावं लागतं, म्हणून लेन्नोहून छोटी बोट करा. हे घर ग्वीदो मोंझीनोचं. 1973 मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या इटालियन मोहिमेचा तो प्रमुख होता. त्याच्या मोहिमांच्या वस्तू तिथेच मांडल्या आहेत.

आता तुझ्या-माझ्या विषयाचं, म्हणजे भौतिकीचं. वारेन्नातल्या विल्ला मोनास्तेरोत इटलीच्या भौतिकी संस्थेची उन्हाळी शाळा भरते. 1954 मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मीने तिथे व्याख्यानं दिली आणि पुढे शाळेला त्याचंच नाव मिळालं. बाग बघायला गेलीस की वरचं व्याख्यानगृहही विचारून बघ. आणि कोमो शहर अगदीच गाळू नकोस. पहिली बॅटरी बनवणारा व्होल्टा तिथला. काठावर त्याचं स्मारक-संग्रहालय आहे. त्याच्या मृत्यूला 100 वर्षं झाली म्हणून 1927 मध्ये या शहरात परिषद भरली आणि नील्स बोरने पूरकतेचं तत्त्व (कण आणि तरंग ही दोन्ही वर्णनं एकमेकांना पूरक असतात, हे) पहिल्यांदा तिथे मांडलं. ज्या दिवशी आई-बाबांना आराम हवा असेल, त्या दिवशी एकटी जाऊन ये.

एक दिवस त्याच रेल्वेने शेवटपर्यंत, तिरानोला जा. तिथून स्वित्झर्लंडची लाल बेर्निना गाडी सुटते. जादा पैसे भरून एक्सप्रेसचं आरक्षण करायची गरज नाही. साधी गाडीही त्याच रुळांवरून जाते आणि तिच्या काही खिडक्या उघडतात. सेंट मॉरिट्झपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येणं आई-बाबांना जड जाईल. 2091 मीटरवरच्या आल्प ग्र्यूमला उतरा, हिमनदी बघा, कॉफी घ्या आणि मागे फिरा. शेंगेन व्हिसा तिथेही चालतो. पासपोर्ट जवळ ठेवा.

आईच्या जेवणाचं एवढं अवघड नाही. पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाची उकडच. पिझ्झोकेरीत कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि भरपूर चीज असतं. रिसोत्तो हा भाताचा प्रकार मात्र विचारून मागवा, तो बहुतेकदा मांसाच्या रशात शिजवतात. आणि तिथली बरीच चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थाने, बनतात. हे आईला आधी सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तारखांचं म्हणशील तर एप्रिलचा शेवट ते मे उत्तम, सरोवराकाठच्या विल्ला कार्लोत्ताच्या बागेत तेव्हा अझेलिया फुललेल्या असतात. फक्त 25 एप्रिल आणि 1 मे टाळ. त्या सुट्ट्यांना मिलानकर तिकडेच लोटतात. ऑगस्ट नकोच. नोव्हेंबरनंतर हॉटेलं आणि बागा मिटतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईत तारखा लवकर भरतात, तेव्हा आजच बघ. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तिघांचाही. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशीच हॉटेलं घे, आणि पैसे भरण्याआधी वारेन्नाच्या हॉटेलची लिंक मला पाठव.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझे,
सर