डावं चाक जास्त काळं

प्रश्न : काका, दीड वर्षापूर्वी पांढरी हॅचबॅक घेतली. नोकरीसाठी रोज म्हापसा ते पणजी जाऊन येऊन. गाडी धुऊन चार दिवस झाले की अलॉय व्हीलवर काळपट तपकिरी थर बसतो. आता तर नुसत्या शॅम्पूने जातही नाही, हाताला खरखर लागते. सासूबाईंनी समई घासतात तशी बिंबलं चिरून एक चाक घासून बघितलं, थोडं उजळलं. पुढचं डावं चाक उजव्याच्या दुप्पट काळं होतं, मागची दोन मात्र जवळजवळ स्वच्छ. धूळ अडवायला चाकाच्या आत बसवायच्या चकत्या मिळतात म्हणे, त्या घ्याव्यात का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंय चकाकीचं, पण माझं लक्ष अडकलं डाव्या चाकावर. आधी ते.

दोन्ही पुढची चाकं सारखीच काळी व्हायला हवीत. एकच दुप्पट काळं होत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक पाय उचलल्यावरही पुरता सुटत नसावा. कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा चिमटा, ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांच्यावरचं रबर फाटलं की पावसाचं पाणी आत शिरतं आणि पिन गंजून धरते. आपल्याकडचे चार महिने त्याला पुरतात. पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो, धूळ होते, पेट्रोलही जास्त जातं. घरच्या घरी असं बघा : शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेक शक्य तितका कमी मारत या, उतरल्याबरोबर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. जवळ फक्त, लावू नका. डावीकडे स्पष्ट धग जाणवली तर त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पुन्हा तीच रड. उलट, डावं नेहमीसारखंच निघालं आणि उजवं चाक थंडगार, लख्ख असेल, तर उजवीकडचा ब्रेक काम करतोय का ते बघायला हवं. तेही तितकंच वाईट.

मागची चाकं स्वच्छ राहतात त्यात आश्चर्य नाही. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, थांबवायचं बहुतेक काम पुढच्याच चाकांवर पडतं. शिवाय तुमच्या गाडीला मागे ड्रम असणार. ड्रम म्हणजे झाकणाचा डबा, धूळ आतच राहते.

आता त्या काळ्या थराचं. त्याला आपण धूळ म्हणतो खरं, पण तो असतो लोखंडाचा कीस. डिस्क बिडाची, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात, आणि दर वेळी दोन्ही थोडी थोडी झिजतात. पॅडमधलं ग्रॅफाइट, राळ आणि डिस्कचं लोखंड यांचे हे कण. बरेचसे १० मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. ते तापलेले उडतात आणि रिमला चिकटतात. मग आपली दमट, खारी हवा लागली की चिकटल्या जागी गंजतात. तुमच्या हाताला लागते ती खरखर याचीच. तांबडी माती पाइपाच्या एका फवाऱ्यात वाहून जाते, हा कीस जात नाही. पर्वरीच्या कोंडीत दर वीस पावलांवर ब्रेक मारायचा म्हटल्यावर कीस पडणारच.

युरोपात आता युरो ७ नियमांत ब्रेकच्या कणांवरही मर्यादा आली आहे : पेट्रोल-डिझेल गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेच्या गाडीला ३. विजेची गाडी बराचसा वेग मोटरनेच कमी करते, म्हणून शेजाऱ्याच्या इलेक्ट्रिक गाडीची चाकं लख्ख दिसतात. तो तुमच्यापेक्षा जास्त धुतो असं समजू नका.

बिंबलांबद्दल. सासूबाईंचं चुकलं असं म्हणवत नाही, पितळेला तेच लागतं. पण अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम, आणि त्यावर रंग आणि वर पारदर्शक लॅकर. जिथे लॅकरचा टवका उडालाय तिथे आंबट शिरलं की डाग पडतो, तो निघत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका गिऱ्हाइकाचं रिम फरशीच्या ॲसिडने झटपट चमकवायला गेलो होतो. संध्याकाळपर्यंत लॅकर पांढरं पडून पापुद्रे सुटले. दोन रिमं माझ्या खिशातून रंगवून दिली. त्यामुळे बिंबलं, चिंच, ॲसिड, तारेची घासणी, राख, काही नको. डिझेलचा बोळाही नको. चमक दोन दिवसांची, पण डिझेल टायरचं रबर खातं आणि डिस्कवर गेलं तर ब्रेकच खातं.

बसलेला थर काढायला आयर्न रिमूव्हर मिळतो, तो आणा. बाटलीवर ॲसिडविरहित असं बघून घ्या. सकाळी, गाडी सावलीत, चाकं पूर्ण गार. आधी पाण्याने माती घालवा, मग फवारा. मिनिटभर काही होत नाही. मग स्पोकच्या बेचक्यांतून, नटांच्या खोबणींतून जांभळट तांबडे ओघळ येऊ लागतात, थेट आगळ सांडल्यासारखे. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. वास पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधाचा, कारण घटक त्याच घराण्यातला, थायोग्लायकोलेट. हातमोजे घाला आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभ्या राहा. चार-पाच मिनिटांत, वाळायच्या आत, रंगाच्या जुन्या मऊ ब्रशने फिरवून भरपूर पाण्याने धुवा. ब्रशच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर तीच ओरखडे काढते. नंतर हातात पातळ कॅरीबॅग घालून रिमवरून बोट फिरवा. अजून खरखर लागली तर एकदा परत. वर्षातून दोनदा पुरे : एकदा चतुर्थीच्या आधी, एकदा पाऊस संपल्यावर.

रिम लख्ख आणि कोरडं झालं की त्यावर व्हील सीलंट किंवा निदान गाडीचं मेण लावा. फडक्यावर घेऊन लावायचं, चाकावर फवारायचं नाही. डिस्कवर एक थेंब जाता कामा नये. चाकाच्या उष्णतेत साधं मेण काही आठवडे टिकतं, सीलंट काही महिने. कीस पडायचा थांबत नाही, पण चिकटायला जागा मिळत नाही. मग दर रविवारी पाणी, शॅम्पू आणि चाकांचं वेगळं फडकं, दहा मिनिटांचं काम. तेच फडकं बॉनेटला लावलंत तर लोखंडाच्या किसाने रंग घासल्यासारखं होईल. कोरडं पुसणंही तसंच.

चकत्या घेऊ नका. डिस्कला वारा लागायलाच हवा. त्या लावून चोर्ला घाट उतरलात तर चाकं गोरी राहतील आणि ब्रेक तापून सैल पडतील. पैसे घालायचेच असतील तर पॅड बदलायची वेळ येईल तेव्हा तुमच्या मॉडेलसाठी चांगल्या कंपनीचे सिरॅमिक पॅड मिळतात का विचारा. त्यांची धूळ कमी आणि फिकट असते. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, गाडी इंजिनाने आवरा.

प्रश्न : पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्क तांबडी होते, सकाळी पहिल्या ब्रेकला खर्रर्र आवाज. डिस्कवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर चालेल का?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : नाही हो! बीड उघडं असतं, एका रात्रीत गंजतं, आणि पाच-सहा ब्रेकांत तो गंज पुसलाही जातो. चाकावर तांबूस पूड दिसते ती त्याचीच. गाडी धुतल्यावर गल्लीत एक फेरी मारून चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा, डिस्क कोरडी होते. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये घालून चाकाला दगड लावा. नाहीतर ब्रेक आतल्या आत चिकटतो. तेलाचं बोट आधीच फिरवलं असेल तर गाडी हलवू नका. मिस्त्रीला घरी बोलवा, ब्रेक क्लीनरने डिस्क पुसून घ्या. पॅडने तेल प्यायलं असेल तर पॅड बदलावेच लागतील.