पर्समधला माऊस

ताईंनी पर्सची चेन उघडली आणि रुमालात गुंडाळलेला माऊस माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, टेबलावर ठेवला. वायरची घडी घालून तिला रबर लावलं होतं, मसाल्याच्या पिशवीला लावतात तसं.

"घेऊनच आलोय मॅडम. घरात कुठंबी ठेवला तरी हुडकून काढतो पोरगा."

(कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे बायकाही 'आलो, गेलो, जेवलो' असंच बोलतात.)

ताई शाहूपुरीत खानावळ चालवतात. नवरा उद्यमनगरात लेथवर. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ताईंनी आणि मुलानं लिहायला परवानगी दिली आहे, तरी ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तक्रार मात्र बदलायची गरज नाही, कारण ती घरोघरची आहे. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर गेम खेळतो, हाक मारली तर कानात हेडफोन, जेवायला आला तरी मान खाली. याला व्यसन लागलंय का?

मी विचारलं, "कुठला गेम खेळतो?"

"घोड्यावर बसून बंदुका मारतोय."

"आणि गोष्ट काय आहे त्यात?"

"गोष्ट? गेमात कसली आलीय गोष्ट?"

ताईंना हसायचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही पालकांना 'स्क्रीनचे तास कमी करा' एवढंच सांगून पाठवत होते. मग एका दिवाळीत भाच्यानं मला शेजारी बसवून एक गेम खेळायला लावला आणि मी रात्री अकरा वाजता 'पुढं काय होतं ते बघू, मग झोपू' म्हणाले. त्यानंतर माझा पहिला प्रश्न बदलला. किती वेळ खेळतो हे मी नंतर विचारते, काय खेळतो हे आधी.

मुलाला दुसऱ्या दिवशी एकट्याला बोलावलं. तो 'रेड डेड रिडेम्प्शन टू' खेळत होता. १८९९ सालची अमेरिका, दरोडेखोरांची एक टोळी, कायदा जवळ येत चाललाय आणि टोळीतली माणसं एकमेकांना पारखी होत चाललीत. मुख्य गोष्ट संपवायलाच पन्नासेक तास लागतात. पोरगा माझ्यासमोर पाच मिनिटं गप्प होता. आर्थर मॉर्गन हे गेमच्या नायकाचं नाव मी घेतल्यावर वीस मिनिटं थांबला नाही. एकदा संपवून झालाय, आता दुसऱ्यांदा खेळतोय म्हणाला.

आता व्यसनाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. पण तिथं तासांचा आकडा दिलेला नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही खेळणं वाढतच जाणं, आणि हे सगळं साधारण बारा महिने चालणं, असं ते बघायचं असतं. या मुलाचं खेळणं वाढून तीन महिने झाले होते. मित्र होते, रंकाळ्यावर फिरायला जात होता, पैसे लावायचे गेम खेळत नव्हता. (ते लावत असेल तर गोष्टच निराळी. मग मी थांबत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.) झोप बिघडली होती हे खरं. आणि तीन महिन्यांपूर्वी काहीतरी झालं होतं, ते तो सांगत नव्हता. मी ओढून काढलं नाही.

मी त्याला म्हटलं, "आईला एक गेम शिकव."

"आईला? मॅडम, तिला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला येत नाही."

"म्हणूनच."

इथं चूक माझी झाली. कुठला गेम, ते मी त्याच्यावर सोडलं. नवख्या माणसाला गेम सुचवताना नेहमी हेच होतं: माणूस आपल्या आवडीचा सर्वांत थोर गेम पुढं करतो. पोरानं आईला सरळ घोड्यावर बसवलं. सुरुवातच बर्फाच्या वादळात आहे. ताईंना घोडा वळवता येईना, कॅमेरा आभाळाकडे गेला तो खाली येईना, समोरचे गडी पुढं निघून गेले. दहा मिनिटांत त्यांना मळमळायला लागलं.

"डोस्कं गरगराय लागलं मॅडम. भाजी फोडणीला टाकल्यागत वास यायला लागला," असं त्या मला फोनवर म्हणाल्या. वासाचं काय ते मला अजून समजलेलं नाही.

पण गरगरण्याचं कारण साधं आहे. डोळ्यांना आपण पळतोय असं दिसतं आणि शरीर खुर्चीत स्थिर असतं. सवय नसलेल्या मेंदूला ते जुळवता येत नाही. त्यात हातांचा गोंधळ. अशा गेममध्ये डावा हात कीबोर्डवर चालतो आणि उजवा हात माऊसनं मान वळवतो. खेळणाऱ्याला हे श्वासासारखं झालेलं असतं, म्हणून त्याला ते दिसतच नाही. गाडी शिकताना पहिल्या दिवशी क्लच, ब्रेक आणि आरसा एकदम आल्यावर आपलं काय झालं होतं ते आठवा. त्या वेळी कुणी 'बाहेरचा निसर्ग बघ की' म्हटलं असतं तर? नवख्याला थोर गोष्ट देऊन उपयोग नाही, त्याचे हात अजून गोष्टीपर्यंत पोचलेले नसतात.

म्हणून माझी निवड हातांपासून सुरू होते. पहिला गेम एका माऊसवर चालणारा, एका बैठकीत संपणारा आणि चुकलं तर 'गेम ओव्हर' न म्हणणारा हवा. जुन्या लॅपटॉपवरही चालला तर उत्तम. आणि त्यात माणसाच्या जगण्यातली एखादी वस्तू असावी. ताईंच्या बाबतीत ती वस्तू मला शोधावी लागली नाही. मी मुलाला 'वेन्बा' आणायला सांगितलं.

टोरोंटोच्या विसाई गेम्सनं २०२३ मध्ये काढलेला हा छोटा गेम. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेली तमिळ बाई, तिचा नवरा, पुढं त्यांचा मुलगा. तिच्याकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण फाटलेली, शाई पुसलेली. जे वाचता येत नाही ते खेळणाऱ्यानं ओळखून स्वयंपाक पुरा करायचा. पहिलाच पदार्थ इडली. पात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या तेवढंच कोडं.

पोरगा सांगतो ते असं. आईनं माऊस धरला तो मुठीत, लाटणं धरल्यासारखा. तो म्हणाला, "अगं, नुसतं बोट ठेव." पडद्यावर ताटल्या आल्या. तो समजावून सांगणार तेवढ्यात आई म्हणाली, "गप बस. भोकं इडलीवर यायला पायजेत, न्हाईतर वाफ कोंडती." आणि तिनं त्या रचून टाकल्या. त्याला स्वतःला ते कोडं सोडवताना एक चूक झाली होती. आईची झाली नाही. "मॅडम, ती माझ्याकडं बघून हसली," एवढं म्हणून तो गप्प झाला.

या गेमनं आणखी एक काम केलं, जे मी ठरवलं नव्हतं. तो इंग्रजीत आहे आणि ताईंचं इंग्रजी जेमतेम. म्हणजे पडद्यावरचं प्रत्येक वाक्य पोराला मोठ्यानं मराठीत सांगावं लागलं. जेवताना 'हं' आणि 'नको' यापलीकडे न बोलणारा मुलगा तासभर नवरा झाला, बायको झाला, त्यांचा लहान पोरगा झाला. ताई म्हणाल्या, त्यानं त्या तमिळ नवऱ्याला अस्सल शिवाजी पेठेतला करून टाकला होता: "आवो, बरं वाटंना व्हय तुम्हास्नी?" गेममधला मुलगा मोठा होत जातो तसा आईच्या भाषेपासून लांब जातो. तो भाग आला तेव्हा दुभाष्याचा आवाज बारीक झाला होता म्हणे.

गेम दीड तासात संपला. पोरानं आईला शहाणपण शिकवलं: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, पैसे मिळतात. ताईंनी त्याच्याकडे बघितलं. "जेवून झाल्यावर ताट परत करून पैसं मागत्यात व्हय?" खानावळ चालवणाऱ्या बाईला हे विचारायलाच नको होतं. गेम परत गेला नाही.

दुसरा गेम मी 'अनपॅकिंग' दिला. ऑस्ट्रेलियातल्या विच बीमचा, २०२१ चा. यात संवादच नाहीत. १९९७ ते २०१८ या काळात एक मुलगी आठ वेळा घर बदलते आणि आपण तिची खोकी उघडून वस्तू लावायच्या. ती मुलगी पडद्यावर दिसतसुद्धा नाही. वस्तूंवरूनच तिचं आयुष्य कळतं. ताईंनी दुपारच्या पंगती आटोपल्यावर तो एकटीनं खेळायला घेतला. भांडी लावण्यावरून गेमशी भांडल्याही. एका घरात ती मुलगी मित्राकडे राहायला जाते. त्याच्या घरात तिची पदवीची फ्रेम लावायला जागाच नसते. भिंतीवर नाही, कपाटात नाही. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते.

त्या दिवशी काय झालं हे दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. ताई म्हणतात, त्या नुसत्या म्हणाल्या की माझंबी बारावीचं सर्टिफिकेट ट्रंकेत तळाला आहे. मुलगा म्हणतो, आई रडत होती. यावर मात्र दोघांचं एकमत आहे की त्यानंतर पाच-दहा मिनिटांनी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, एम-थ्रीला बॅक लागलीय. दुसऱ्यांदा."

(एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, आणि बॅक म्हणजे त्यात नापास.) तीन महिन्यांचा हिशोब तिथं लागला.

गोष्टीचे गेम म्हणजे औषध नव्हे, आणि मी सरसकट सगळ्यांना सगळं देत नाही. 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' मला फार आवडतो, पण त्यात एकाच घरातले मृत्यूच मृत्यू आहेत. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर मी त्याचं नाव काढत नाही. 'लाइफ इज स्ट्रेंज'मध्ये आत्महत्येच्या उंबरठ्यावरची एक मुलगी आहे. कॉलेजातल्या मुलामुलींना तो हमखास सुचवला जातो, आणि मी आधी घरचं विचारून घेते. वाटच अंधारी वाटत असेल तर गेम बाजूला ठेवून १४४१६ या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करावा, पैसे लागत नाहीत.

मुलाचं खेळणं फार कमी झालेलं नाही. रात्रीचे दोन आता साडेबारावर आले आहेत आणि एम-थ्रीची शिकवणी लावली आहे. वडिलांना अजून हे सगळं थेर वाटतं. ते एकदाही आले नाहीत.

परवा ताई आल्या तेव्हा पर्समधून पुन्हा माऊस काढला. मी दचकले. पण हा वेगळा होता, लहान, बिनवायरीचा. राजारामपुरीतून स्वतःसाठी घेतला होता. पोराचा हाताला जड लागतो म्हणाल्या. पुढं काय खेळू, असं विचारायला आल्या होत्या. मी 'अ शॉर्ट हाइक' सांगितला: फोनला रेंज नाही म्हणून डोंगर चढणाऱ्या पाखराचा, दीडेक तासाचा. कीबोर्डवरही चालतो, डाव्या हाताला हळूहळू सवय होईल.

"व्हय, डाव्या हाताचंच बघायचंय," त्या उठता उठता म्हणाल्या. "घोडा तसाच बर्फात सोडून आलोय मी."